ताई, तुम्ही विचारलंत म्हणून

आशाताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही गावच्या आशा सेविका, सगळे तुम्हाला आशाताईच म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहिते. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं यवतमाळ जिल्ह्यातली कपाशी पोखरली, त्यात आमचे चार एकरही गेले. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत नुसती कवडी. सोसायटीचं कर्ज थकलेलं, कृषी केंद्राची उधारी वेगळी. बाबा बोलेनासे झाले. ताट तसंच सरकवायचे, रात्र रात्र ओसरीत बसून राहायचे. आम्हाला सगळं दिसत होतं. पण आई म्हणायची, "काही इचारू नोको, नसलं तेही मनात भरन." मी बारावीत होते, मलाही तेच खरं वाटायचं.

तुम्ही प्रेरणा प्रकल्पाचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी कार्यक्रमाचा, प्रश्नांचा कागद घेऊन आलात. बाबा खाली बसले होते, तर तुम्हीही बाजेवर न बसता त्यांच्यासमोर खालीच बसलात. "भाऊ, झोप लागते काय?" बाबांनी नुसती मान हलवली. "जेवण जाते काय?" मग पेन बाजूला ठेवलंत आणि त्याच आवाजात विचारलंत, "जीव द्यावा असं येते काय मनात?"

माझ्या अंगावर काटा आला. आईनं पदर तोंडाला लावला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "येते." आणि रडले. आजा गेला तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तुम्ही उपदेश केला नाहीत. "लेकराबाळांकडे पाहा" हे येणारा-जाणारा प्रत्येक जण ऐकवत होता, तुम्ही तेही म्हणाला नाहीत. घरातली फवारणीची सगळी औषधं आईला सोबत घेऊन तुमच्या घरी नेलीत आणि कुलपात ठेवलीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बाबांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलंत, रांगेत उभं राहून केसपेपर काढलात. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, मध्येच सोडायच्या नाहीत, हे परतीच्या गाडीत तुम्ही आईला तीनदा सांगितलंत. नंतर दर बाजाराच्या दिवशी उंबऱ्यात तुमची चप्पल दिसायची.

आज मी स्वतः नर्स आहे. विचारल्यानं विचार मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे मी पुढे शिकले. तो टोकाचा क्षण बरेचदा थोड्या वेळाचा असतो, तेवढ्या वेळात हाताशी घातक काही नसलं तर माणूस वाचतो, हेही शिकले. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, तर नैराश्यात असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ते आकडे वाचताना मला आमची ओसरीच दिसत होती.

एक गोष्ट मात्र सलते. शेतकऱ्यानं जीव दिला की समिती बसते, प्रकरण पात्र की अपात्र ठरतं, पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख मिळतात. तुम्हाला तेव्हा मोबदला मिळायचा तो कामागणिक. बाजाराच्या दिवशीच्या त्या फेऱ्या कुठल्या रकान्यात लिहिल्या असतील तुम्ही?

हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असं कुणी गप्प झालं असेल, तर त्यांनी सरळ विचारावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जवळच्या आशाताईंनाही हाक मारावी.

ताई, आमच्या घरी आता फवारणीच्या औषधाची पेटी कुलपातच असते, किल्ली आईच्या कमरेला. परवा फोन केला तर बाबा घरी नव्हते. शेजारच्या काकांचं सोयाबीन पावसानं गेलंय, ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत म्हणून बाबा त्यांच्याकडे जाऊन बसले होते. आई म्हणाली, "जाताना सांगून गेले, झोप लागते काय इचारून येतो."

तुमची,
बारावीतली ती पोरगी