गाडी घेऊन निघण्याआधी वाच

प्रिय सोन्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुला आरसी आणि विम्याच्या कागदांसोबत डाव्या कप्प्यात सापडेल. समोर बसून सांगायला लागले असते तर तू “हो गं आई, कळतं मला” म्हणत अर्ध्यातच उठला असतास. गाडी चालवण्यात तुझा हात चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण नऊ वर्षांत या गाडीत तू बसलास तो दिवाळीपुरता, आणि तोही मोबाइलमध्ये डोकं घालून. तिच्या खोडी तुला ठाऊक नाहीत. नाशिकला नेल्यावर कुठला तरी मेकॅनिक नसलेला बिघाड काढून पैसे घेईल, म्हणून लिहिते आहे.

पेट्रोलच्या चित्राशेजारी एक बारीक त्रिकोण आहे. त्याचं टोक ज्या बाजूला, त्या बाजूला टाकीचं झाकण. हे मला सहाव्या वर्षी कळलं, तेही पंपावरच्या पोराने सांगितलं तेव्हा. तोवर मी निम्म्या वेळा भलत्या बाजूला गाडी लावायची आणि तो बिचारा नळी ताणत बसायचा. झाकणाचा खटका सीटच्या उजवीकडे खाली आहे आणि त्याला चिकटूनच डिक्कीचा. घाईत हात चुकतो. एकदा पंपावरून निघून डिक्की उघडी टाकून मी छत्रपती चौकापर्यंत गेले होते. मागचा एकेक जण हॉर्न वाजवत होता आणि मी मनातल्या मनात नागपूरच्या लोकांना वळण नाही म्हणत होते.

आपल्या फाटकासमोरच्या उतारावर गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी पेट्रोल एक काडी कमी दिसतं. चोरी वगैरे काही नाही. टाकीतला तरंगता गोळा एका अंगाला कलतो, सपाट रस्त्यावर आली की काडी परत येते. बाबांनी यावरून शेजारच्या मुलावर आठवडाभर संशय घेतला होता.

चावी फिरवल्यावर निळा दिवा लागतो तो इंजिन थंड असल्याचा. डिसेंबरात तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सोबत येतो. २०१८ च्या डिसेंबरात आपल्याकडे पारा ३.५ वर उतरला होता, त्या सकाळी तर विझायचं नावच घेईना. मे महिन्यात मात्र दिसतो न दिसतो तोच जातो. तोच दिवा लाल झाला तर एक फर्लांगही पुढे जायचं नाही. बाजूला घे, इंजिन बंद कर आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नकोस.

बाहेरचं तापमान दाखवणाऱ्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नकोस. त्याचा सेन्सर पुढच्या बंपरमागे असतो, डांबराची झळ सरळ त्याच्यावर येते. सिग्नलला उभं राहिलं की ४९ सुद्धा दाखवतो. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९, मे २०१३ चा. २०२४ च्या मेमध्ये तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ दाखवले आणि मग सेन्सर बिघडल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून आपल्या गाडीच्या थापांचं मला काही वाटत नाही.

एसीचं म्हणशील तर छोटं इंजिन आहे, त्याच्याकडून एका वेळी एकच काम करून घे. चौघं बसलेले असताना डबल डेकर पुलाचा चढ लागला आणि तू अॅक्सिलरेटर जोरात दाबलास की एसीची गार हवा क्षणभर जाते. घाबरू नकोस, सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून तो काँप्रेसर आपणच सुटतो. उन्हात उभ्या गाडीत बसल्या बसल्या एसी लावायचा नाही, आधी चारही काचा उघडून भट्टीची हवा बाहेर जाऊ दे. सीटच्या पट्ट्याच्या लोखंडी जिभेला उघडा हात लावू नकोस, मला मनगटाला चटका बसलेला आहे. माझा जुना दुपट्टा मागच्या सीटवर ठेवला आहे, स्टिअरिंगवर टाकायला. लाजू नकोस.

मृग लागला की गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसेल. मी पहिल्या पावसाळ्यात तशीच रिक्षा करून मेकॅनिककडे धावले होते. त्याने माझ्याबरोबर येऊन, गाडीखाली वाकून एक थेंब बोटावर घेतला, बोटं चोळून दाखवली आणि म्हणाला, “पाणी आहे मॅडम, एसीचं.” उन्हाळ्यात हवा कोरडी असते म्हणून ते फारसं पडत नाही, पावसाळ्यात हवेतली ओल गारव्याने गळते. बोटाला चिकट किंवा रंगीत लागलं तर मात्र कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी.

समोरच्या काचेखालच्या जाळीतली निंबाची पानं दर रविवारी काढ. दोन वर्षांपूर्वी ती तुंबली आणि पावसाचं पाणी आत पायाशी उतरलं. महिनाभर गाडीला ओल्या गोणपाटाचा वास होता. मागचं डावं दार आतून उघडत नाही, ते मुद्दाम लावलेलं चाइल्ड लॉक आहे. रामटेकला तुझी आत्या दहा मिनिटं आत बसून ओरडत होती, तिला सांगायला जाऊ नकोस की ते अजून तसंच आहे.

आता आवाजाचं सांगते. बाबा गेल्यावर तीनेक महिन्यांनी गाडीत टकटक सुरू झाली. सिमेंटच्या रस्त्यावर दर सांध्याला एक, टक, टक, घड्याळासारखी. डांबरी रस्त्यावर कमी. दोन मेकॅनिक झाले. पहिला माझ्या शेजारी बसून जयप्रकाश नगरपासून अजनी चौकापर्यंत आला. पट्टा लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही, तुला माहीतच आहे, तेव्हा त्यालाही लावायला लावला. कान देऊन बसला आणि म्हणाला, “मॅडम, आवाज तर येऊनच नाही राहिला.” दुसऱ्याने गाडी स्वतः चालवली, मी शेजारी बसले. तेव्हाही गाडी गप्प. दोघांनाही वाटलं असणार, बाई एकट्या राहतात, भास होत असतील. मलाही एकदा तसं वाटून गेलं.

मग जानेवारीत कळमन्याहून संत्र्यांची पेटी आणली. डिक्कीत धान्याचं पोतं होतं, म्हणून पेटी डाव्या सीटवर ठेवली आणि वळणावर कलंडू नये म्हणून तिला पट्टा लावला. घरापर्यंत एकदाही टक नाही. दुसऱ्या दिवशी पेटी नव्हती आणि आवाज परत आला. तेव्हा लक्षात आलं. डाव्या पट्ट्याची ती जीभ खांबाच्या प्लास्टिकवर आपटत होती. कोणी बसून पट्टा लावला की ती अडकलेली असते, मग वाजणार कशी? सीट रिकामी असली की वाजते. आठ वर्षं ती सीट कधी रिकामी गेलीच नव्हती.

त्यावर चिंधी गुंडाळता येते, स्पंजचा तुकडा चिकटवता येतो. मी तो पट्टा रिकाम्या सीटवरच अडकवून ठेवते. तुझ्या शेजारी कोणी बसलं तर काढून त्यांना लाव.

समृद्धीवर शिवमडक्याहून चढण्याआधी चाकांची हवा गार असताना बघून घे. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला आहे, पंपवाल्याच्या अंदाजावर जाऊ नकोस. हवा कमी असली की टायर जास्त तापतो आणि सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासन्‌तास तापतच राहतो. तिथे कारला १२० ची मुभा आहे, पण ही शंभरापुढे गेली की स्टिअरिंग हाताखाली बारीक थरथरतं, तेव्हा नव्वदवर ठेव. दर दोन तासांनी उतरून चहा घे. रात्री आरशाखालची छोटी चिमटी आपल्याकडे ओढ, मागच्या ट्रकचा प्रकाश डोळ्यात येत नाही. स्टेपनीची हवा मी दर दिवाळीला बघायची, गेल्या वर्षी विसरले.

माझी काळजी करू नकोस. डॉक्टरांनी मोतीबिंदूचं सांगितल्यापासून अंधारात चालवणं सोडलंच होतं आणि मेट्रोचं स्टेशन सात मिनिटांवर आहे. नंबर बदलायचीही भानगड नाही, राज्य एकच आहे. नाशिकच्या सगळ्या एमएच १५ मध्ये तुझी एमएच ३१ उभी राहील.

बसल्या बसल्या सीट मागे घे. मी तीन खाचा पुढे घेऊन बसते, तुझे गुडघे स्टिअरिंगला लागतील.

तुझी,
आई