डेकची दुरुस्ती : सुतार वाकून बघतो का?

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

घरसजावटीच्या पानांवर लाकडी डेकची, म्हणजे घराला जोडून बाहेर बांधलेल्या फळ्यांच्या ओट्याची, छायाचित्रे येतात ती नेहमी वरून काढलेली. पॉलिश चकाकत असते, कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात. डेक कुजतो मात्र खालून. दुरुस्तीसाठी सुताराला बोलावणारेही बहुधा वरच्या फळ्यांकडेच बोट दाखवतात आणि तो तेवढेच मोजून भाव सांगतो. चार फळ्या बदलल्या जातात, नव्या स्क्रूंना धरायला खाली धड लाकूड नसते आणि थोड्याच दिवसांत त्या फळ्या पुन्हा खडखडू लागतात. यात सुताराने फसवले असेही म्हणता येत नाही. सांगितले तेवढे त्याने केले.

म्हणून जवळपासचा सुतार ठरवताना भाव विचारण्याआधी एवढेच बघावे की हा माणूस एखादी फळी उचलून किंवा खाली शिरून फळ्यांना आधार देणारे वासे तपासतो का. तपासायला लागतो फक्त एक स्क्रूड्रायव्हर. फळी वाशावर टेकते त्या वरच्या कडेला, जुन्या स्क्रूंच्या आजूबाजूला आणि वाशाच्या टोकांना तो टोचावा. सहज आत गेला तर तिथली एक ढलपी उचकटून पाहावी. निरोगी लाकडाची ढलपी लांब, धाग्यांसकट निघते आणि निघताना करकरते. कुजलेल्या लाकडाची बिस्किटासारखी आखूड तुटते, आवाजही होत नाही. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी वाढते, त्याखाली थांबते. पण आधी पोखरलेले लाकूड वाळले म्हणून पुन्हा बळकट होत नाही. अशा जागी लांबी (पुटी) भरून वरून रंग मारू असे कोणी म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे डेक घराच्या भिंतीला जोडणारी आडवी पट्टी. ती नुसत्या खिळ्यांवर असेल तर बाकीचे काम मागे ठेवून आधी ती पक्की करून घ्यावी. उभे वजन खिळा काही काळ पेलतो, पण डेक भिंतीपासून बाहेरच्या बाजूला ओढला गेला की खिळा सरळ उपसून येतो. तिथे अर्धा इंची बोल्ट हवेत, वॉशरसकट, एक वर एक खाली असे आलटूनपालटून, आणि भिंतीच्या भक्कम भागात धरलेले. पट्टीच्या डोक्यावर, भिंतीत खोचून पुढे वळवलेला पत्रा हवा. तो नसला की पाणी पट्टी आणि भिंत यांच्या फटीत उतरते आणि दोन्हींचे नुकसान करते.

कुजलेला वासा दरवेळी काढावाच लागतो असे नाही. कुजका भाग छाटून बाजूला तेवढ्याच उंचीचा नवा वासा बोल्टने जोडता येतो. तो खराब भागाच्या दोन्हीकडे निदान तीन-तीन फूट पुढे जावा, जमल्यास टेकूपासून टेकूपर्यंतच घ्यावा. मात्र अशा जोडणीत दोन लाकडांमध्ये बारीक फट राहते आणि पाणी तिथेच मुरते. दोघांच्या डोक्यावर मिळून डांबरी टेप लावायला सांगावे. कापलेल्या प्रत्येक टोकाला लाकूडरक्षक द्राव पाजायचा, कारण लाकूड टोकाकडून बाजूंपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. हे दहा मिनिटांचे काम हटकून विसरले जाते.

स्क्रूंच्या बाबतीत काटकसर महागात पडते. कुजू नये म्हणून रसायनांची प्रक्रिया केलेल्या लाकडात बहुधा तांब्याची संयुगे असतात आणि ती साध्या, पातळ जस्ताचा मुलामा दिलेल्या स्क्रूला खातात. स्क्रूचे डोके वरून चांगले दिसते, आत देठ निम्मा झालेला असतो. स्टेनलेस स्टीलचे किंवा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले स्क्रू घ्यावेत. खाऱ्या हवेत ३१६ दर्जाचेच स्टेनलेस. इंचभर जाडीच्या फळीला अडीच इंची स्क्रू पुरतो. फळीच्या टोकाजवळ आधी ड्रिलने भोक पाडले नाही तर चीर जाते.

अंदाजपत्रक बरोबर आहे का, हे घरबसल्या पडताळता येते. समजा डेक १२ फूट बाय १० फूट आहे, फळ्या १२ फुटी आणि साडेपाच इंच रुंद. दोन फळ्यांत एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट धरली तर १२० इंचांत २२ फळ्या बसतात; कापाकापीला दहा टक्के वाढवून २४ घ्याव्यात. वासे १६ इंचांवर असतील तर १२ फुटांत दहा. प्रत्येक फळीला प्रत्येक वाशावर दोन स्क्रू, म्हणजे ४४०. पाचशे आणले की झाले. कोणी ३५ फळ्या लिहिल्या किंवा दोनशे स्क्रूंत काम उरकतो म्हणाला, तर हिशोब मांडून दाखवायला सांगावे. लाकूड ओले असेल तर फट ठेवायची नाही, वाळल्यावर ती आपोआप पडते. ओल्या फळीला फट ठेवली की पुढे तीत चप्पल अडकते.

कठड्याबद्दल थोडक्यात : उभ्या दांड्यांमधले अंतर चार इंचांपेक्षा कमी असावे, लहान मुलाचे डोके अडकू नये म्हणून. आणि कठड्याचे खांब फळ्यांवर नव्हे, खालच्या वाशांना बोल्टने धरलेले असावेत.

घरातल्या कामांतही सुताराची पारख अशीच होते. दार घासते म्हटल्यावर जो लगेच रंधा काढतो त्याला जरा थांबवावे. दार थोडे उघडून, मूठ धरून वर उचलावे. हलले तर दोष बिजागरीच्या ढिल्या स्क्रूंचा आहे. जुन्या भोकात गोंद लावून लाकडी खुंटी ठोकायची, वाळल्यावर नवे भोक पाडून स्क्रू बसवायचा, दार जागेवर येते. दमट हवेत रंधा मारून सैल केलेले दार कोरड्या हवेत फटीतून उजेड दाखवते. खरेच फुगले असेल तर तळाची कड तपासावी. ती कुणाला दिसत नाही म्हणून बिनरंगाची सोडलेली असते आणि पाणी तिथूनच चढते. फडताळाचेही तसेच. फळीची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच वजनाने ती आठपट वाकते, त्यामुळे १८ मिलिमीटर प्लायला तीन फुटांच्या आत आधार मागावा.

ठरलेले सगळे कागदावर हवे : लाकडाची जात व जाडी, फळ्यांची संख्या, स्क्रूचा प्रकार, भाव मालासकट की नुसती मजुरी, जुने लाकूड कोण उचलणार, आणि फळ्या उचलल्यावर आणखी कुजके वासे निघाले तर प्रत्येक वाशाचा दर काय. हा शेवटचा मुद्दा आधी न लिहिल्यानेच सगळी भांडणे होतात. कामाचा नमुना मागायचा तर मोबाइलवरचे फोटो नकोत, दोन पावसाळे खाल्लेला डेक दाखवायला सांगावे. जवळपासच्या सुताराचा खरा फायदा हाच, की त्याचे जुने काम चालत जाऊन बघता येते.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि दहा टक्के हातचे राखावेत. काम संपल्यावर भिंतीलगत दोन बादल्या पाणी ओतावे, अर्धा तास थांबावे आणि सुताराला सोबत घेऊन खाली वाकून बघावे. पट्टीमागची भिंत कोरडी असली की उरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवावेत.

आपला,
लाकूडकामाची माहिती असलेला एक वाचक