बुटाच्या डब्यावर पायाचं माप छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात आरोग्याच्या पानावर रोज चाला म्हणून नेहमी लिहून येतं, किती चालायचं, कधी चालायचं, चालण्यानं शुगर कशी आटोक्यात राहते, सगळं येतं, आणि मी ते कापून ठेवते सुद्धा. पण चालायचं कशात, हे मात्र कुणी लिहीत नाही. चांगला आधार देणारा बूट वाजवी किमतीत ओळखायचा कसा हे साध्या माणसाला कुणीच सांगत नाही आणि दुकानात गेलं की आपण रंग बघतो, ऑफर बघतो, नंबर सांगतो आणि डबा घेऊन घरी येतो. माझं वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी शिक्षिका आहे. दिवसातले पाच-सहा तास उभ्याने जातात. दोन वर्षांपूर्वी असं व्हायला लागलं की सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची, दहा-वीस पावलं चाललं की कमी व्हायची, म्हणून मी बरेच महिने अंगावर काढलं. शेवटी डॉक्टरांकडे गेले. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात जो जाड पट्टा असतो तो दुखावला होता, प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात त्याला. रात्रभर तो पट्टा आखडून बसतो आणि सकाळी एकदम ताणला जातो म्हणून पहिली पावलं जास्त दुखतात. डॉक्टरांनी पोटऱ्या आणि तळवे ताणायचे व्यायाम दिले आणि मग म्हणाले, तुमचा बूट काढून द्या जरा इकडे.

त्यांनी त्या बुटाचं जे केलं ते मी आजपर्यंत विसरले नाही. आधी टाचेमागचा भाग अंगठ्यानं दाबला, तो कागदासारखा आत गेला. म्हणाले हा भाग कडक पाहिजे, टाच जागेवर धरून ठेवायचं काम याचं. मग दोन्ही हातांनी धरून ओलं फडकं पिळतात तसा पिळला, तर तो खरंच पिळला गेला. मग पुढचं टोक वर दाबलं तर बूट मधोमध दुमडला, जिथे आपल्या तळव्याची कमान येते बरोबर तिथे. म्हणाले, पाय दुमडतो चवड्याशी, बोटांच्या मुळाशी, बूट पण तिथेच दुमडला पाहिजे, मधे दुमडणारा बूट तुम्हाला काय आधार देणार. शेवटी टेबलावर ठेवून मागून बघायला सांगितलं, दोन्ही बूट आतल्या बाजूला कललेले. हे सगळं करायला एक मिनिट पण लागलं नाही आणि यातलं काहीही करायला मशीन लागत नाही, दुकानात उभ्या उभ्या कुणालाही जमेल. तोच बूट मी मऊ मऊ लागतो म्हणून घेतला होता!

मऊपणाचं एवढंच सांगते की दुकानात पाय घातल्या घातल्या जो बूट गादीसारखा वाटतो तो चांगलाच असेल असं नाही. आतली मऊ फोमची गादी अंगाच्या वजनानं काही महिन्यांत दबून चपटी होते आणि मग खाली नुसतं पातळ सोल उरतं. गादी असावी पण तिच्याखाली काहीतरी घट्ट पाहिजे.

आता नंबरचं. मी माझा नंबर वीस वर्षं तोच सांगत आले. नंबर म्हणजे आपल्या पायाचं माप असंच मला वाटायचं, बहुतेकांना वाटत असेल. पण तसं नाहीये. ब्रिटिश पद्धतीचा ८ नंबर म्हणजे ११ इंच, युरोपियन ४२ म्हणजे २८ सेंटिमीटर, दोन्ही जवळपास एकच आणि हे दोन्ही आकडे ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, बूट चढवून शिवतात त्या फर्म्याच्या लांबीचे, आपल्या पायाच्या लांबीचे नाहीत. त्या फर्म्यात पायाला किती जागा सोडायची हे ज्यानं त्यानं ठरवायचं. म्हणून एका कंपनीचा ८ ढगळ होतो आणि दुसरीच्या ८ मध्ये बोटं गोळा होतात. त्यात ब्रिटिश एक नंबर वाढला की साधारण साडेआठ मिलिमीटर वाढतात आणि युरोपियन वाढला की पावणेसात, त्यामुळे तक्ता बघून एकातून दुसऱ्यात नंबर काढला की नंबर थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. आणि रुंदी? ती तर बहुतेक डब्यांवर नसतेच. माझा पाय चवड्याशी रुंद आहे, लांबी बरोबर आली की करंगळी दाबली जायची, म्हणून मी एक नंबर मोठा घ्यायचे आणि मग टाच निसटायची, आणि टाच निसटू नये म्हणून चालताना बोटं आवळून चालायचे. इतकी वर्षं मला ते लक्षात पण आलं नव्हतं.

आणि यावर उपाय नाही असं नाही ना! पायाचं माप मिलिमीटरमध्ये लिहायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, मोंडोपॉइंट नावाची, आयएसओ ९४०७ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे ती. तिच्यात पायाची लांबी लिहितात, हवी तर रुंदी पण लिहिता येते. २५५ लिहिलं की २५५ मिलिमीटरच्या पायासाठी, संपला विषय. स्कीइंगचे बूट, सैन्याचे बूट यात ती वापरतात. मग रोजच्या बुटाला काय हरकत आहे? आणि दुकानात पाय मोजायचं म्हणाल तर अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक नावाच्या, चपलाबुटांच्या दुकानदाराच्याच मुलानं १९२०च्या दशकात धातूचं एक साधन बनवलं, त्यावर पाय ठेवला की तीन मापं मिळतात, पूर्ण लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतची लांबी. हे तिसरं माप फार महत्त्वाचं कारण बूट जिथे दुमडतो तिथेच आपला चवडा यायला पाहिजे, काही लोकांची बोटं आखूड असतात आणि चवडा पुढे असतो, अशांनी नुसती पूर्ण लांबी बघून घेतलं तर चुकतं. जवळजवळ शंभर वर्षं झाली या साधनाला. माझ्या आयुष्यात एकाही दुकानात कुणी माझा पाय मोजलेला नाही, लहान असताना सोडून.

नाही मोजत तर आपण मोजावं, मी आता तसंच करते. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतो, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, टाच भिंतीला लावून उभं राहायचं, बसून नाही, उभं राहिल्यावर वजनानं पाय लांबतो आणि पसरतो. पेन सरळ उभं धरून दुसऱ्या कुणाला तरी सगळ्यात लांब बोटापुढे रेघ मारायला सांगायची. दोन्ही पायांचं करायचं, बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, बूट मोठ्या पायाच्या मापाचा घ्यायचा. आणि सगळ्यात लांब बोट अंगठाच असतं असं नाही, माझं दुसरं बोट लांब आहे. मग दुकानात बुटातलं इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, निघत असेल तर काढून त्यावर उभं राहायचं, पाय कडेनं बाहेर येत असेल तर तो बूट तिथेच ठेवून द्यायचा, आणि पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा पाहिजे. वय वाढलं, वजन वाढलं, बाळंतपण झालं की पाय बदलतो, वीस वर्षांपूर्वीचा नंबर आजचा नसतो.

आता जे सांगायचंय ते आईबद्दल. तिला बरीच वर्षं डायबेटिस आहे. तिला नवीन बूट घ्यायला मीच घेऊन गेले होते. तिनं एक जोड घातला, म्हणाली सैल वाटतोय, एक नंबर लहान घातला, म्हणाली हा छान बसला. सेल्समन म्हणाला थोडा घट्ट वाटला तरी घालून घालून सैल होईल. आठवडाभरानं तिचा मोजा धुवायला घेतला तर करंगळीपाशी रक्त. तिला विचारलं दुखत नाही का गं, तर म्हणाली नाही, काहीच नाही. तेव्हा कळलं की डायबेटिसमुळे तिच्या पायाची जाणीवच कमी झालेली आहे आणि जाणीव कमी झालेल्या माणसाला मापाचा बूट सैल वाटतो, घट्ट घातला की कुठे पायात काही आहे असं वाटतं. ती जखम भरायला अडीच महिने लागले, रोज ड्रेसिंग. डॉक्टर म्हणाले लवकर बघितलंत म्हणून बरं. तेव्हा कळकळीनं सांगते, घरात कुणाला डायबेटिस असेल तर बूट त्यांच्या म्हणण्यावर घेऊ नका, मापावर घ्या, आणि घालण्याआधी बुटात हात घालून खडा, शिवण, टोचणारं काही आहे का बघा, आणि रोज रात्री तळवे बघा. घालून घालून सैल होईल हे वाक्य तर दुकानांतून बंदच व्हायला पाहिजे. कातडं रुंदीत थोडंफार सैल होतं, पण लांबी कधीच वाढत नाही आणि हल्लीचं सिंथेटिक तर फारसं हलत पण नाही.

किमतीचं सांगायचं तर महाग म्हणजे चांगला आणि स्वस्त म्हणजे टाकाऊ असं दोन्हीही खरं नाही. किमतीत जाहिरातीचे पैसे असतात, नावाचे असतात, या सीझनच्या रंगाचे असतात. तेच मॉडेल गेल्या सीझनच्या रंगात बरंच कमी किमतीत मिळतं आणि आतून फरक नसतो पुष्कळदा, मी आता मुद्दाम तसेच घेते. फक्त एक बघायचं, फार जुना स्टॉक नको. काही बुटांचं सोल पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमचं असतं, ते हवेतल्या ओलाव्यानं आतून कमजोर होत जातं आणि डब्यात न वापरता चार-पाच वर्षं पडलेला नवाकोरा बूट पहिल्या दिवशी भुसा होऊन तुटू शकतो. पुष्कळ कंपन्यांच्या स्पोर्ट्स शूजमध्ये जिभेच्या आतल्या लेबलवर तयार झाल्याचा महिना-वर्ष असतं, ते बघा. आणि ऐपत असेल तर एका भारी जोडाऐवजी दोन साधे चांगले जोड घेऊन आलटून पालटून घाला, घाम वाळायला आणि फोम परत वर यायला एक दिवस मिळतो.

पण संपादक महाशय, वाजवी किंमत ठरवायची तर आत काय आहे ते तरी कळायला पाहिजे ना. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय आहे ते छापलेलं असतं आणि ज्यावर आपण दिवसभर सगळं वजन टाकतो, पावलातली २६ हाडं ज्याच्या भरवशावर असतात, त्या बुटाच्या डब्यावर नंबर, रंग, किंमत असते, पण आत काय आहे ते बहुतेक वेळा नसतं. माझी मागणी साधी आहे. डब्यावर हा बूट किती मिलिमीटर लांब आणि किती रुंद पायासाठी आहे ते छापा, सोल कशाचं आहे ते छापा, तयार झाल्याची तारीख ठळक छापा, आणि दुकानात पाय मोजायचं एक साधन ठेवा. बूट करणाऱ्यांकडे ही सगळी माहिती असतेच, माप न ठरवता फर्मा तरी कसा करतील.

आपल्याकडेही एक मागणं आहे. आरोग्याच्या पानावर एकदा अर्धं पान द्या आणि त्यावर पाय मोजायची पट्टी खऱ्या मापात छापा, मिलिमीटरच्या रेघा मारून, म्हणजे लोक पेपर जमिनीवर अंथरून त्यावर उभे राहतील आणि आकडा लिहून दुकानात नेतील. छापताना माप लहानमोठं होणार नाही एवढं बघा. पहिला पाय मी आईचा मोजीन.

आपली,
एक शिक्षिका आणि नियमित वाचक