केदारनाथ आणि बाबांची गोळी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

वाडीतल्या मंडळींबरोबर केदारनाथला जायचं घाटतंय, हे आईकडून कळलं. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण बाबा, "तेवढे दोन दिवस हृदयाची गोळी, मेटोप्रोलॉल, बंद ठेवतो, म्हणजे चढताना दम लागणार नाही" हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं?

आपलं गुहागर समुद्राला चिकटून, केदारनाथ 3,583 मीटरवर. ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच, पण हवेचा दाब इथल्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर मग श्वास वाढवतं आणि नाडी पळवतं. तुमची गोळी त्या नाडीलाच वेसण घालते. त्यामुळे चढावर तुम्ही लवकर थकाल, हे खरं. पण गोळी एकदम सोडली की नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात, आणि स्टेंट घातलेल्या माणसाला त्यातून अटॅकही येऊ शकतो. तेव्हा गोळी चालू, पावलं सावकाश. आणि "नाडी शांत आहे, म्हणजे सगळं ठीक" असं तिथे समजू नका. गोळीमुळे ती शांतच दिसणार.

आई, हेलिकॉप्टरने पाय वाचतात, हवा काही दाट होत नाही. उलट काही मिनिटांत एवढ्या उंचीवर नेऊन सोडतात, शरीराला सवय व्हायला वेळच नाही. तसंच जायचं असेल तर आधी वाटेवर खाली असलेल्या गुप्तकाशीला दोन रात्री राहा, दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली या. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, बसल्या जागी धाप लागली, तर दर्शन राहिलं तरी चालेल, उतरायचं.

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती डायमॉक्स कुणी दिली म्हणून घेऊ नका. बाबांची लघवीची गोळी चालू आहे, दोन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं.

चिपळूणला डॉक्टरांकडे जाल तेव्हा सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या आणि "केदारनाथला जायचंय" असं स्पष्ट सांगा. नुसतं "देवदर्शनाला" म्हणालात तर त्यांना आपल्या जिल्ह्यातलं मार्लेश्वर वाटेल. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट सांगितली तर टाळाटाळ नको.

देऊळ भाऊबीजेपर्यंत उघडं असतं. गणपती उरकू द्या, तिकडचा पाऊसही ओसरेल. मी रजा टाकते, बरोबर येते.

तुमची,
ताई