सूचना : मुलं अचानक आजारी पडली तर

सर्व पालकांना नमस्कार,

पाऊस ओसरला की नाशिकमध्ये ताप, सर्दी आणि डेंग्यूचे दिवस सुरू होतात. सिडको असो की पंचवटी, घरोघरी तेच. म्हणून कळकळीची विनंती : रात्री ताप आला असेल तर सकाळी पॅरासिटामॉल देऊन मुलाला व्हॅनमध्ये बसवू नका. औषधाचा असर चार-सहा तासांत उतरतो आणि मूल वर्गातच फणफणतं. औषध न देता सलग २४ तास ताप आला नाही, की मगच शाळेत पाठवा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच ठेवा.

उलट्या-जुलाब झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा, घोटघोट पाजा. उरलेलं २४ तासांनी टाकून द्या. पेज, मऊ भात चालेल. जेवणाचा आग्रह नको, पाणी पाजणं मात्र थांबवू नका.

डेंग्यूचं एक नीट लक्षात ठेवा. ताप उतरला की आपण निर्धास्त होतो, पण धोका बहुतेक वेळा त्याच एक-दोन दिवसांत असतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, मूल सुस्त : यातलं काहीही दिसलं तर लगेच जिल्हा रुग्णालय, बिटको रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका.

बुडालेल्या अभ्यासाची काळजी नको. वह्यांचे फोटो रोज संध्याकाळी याच ग्रुपवर टाकू. गैरहजेरीचा निरोप वर्गशिक्षकांना आणि व्हॅनवाल्या काकांना सकाळीच द्या.