हुरड्याला येतो, पण आग्रह करू नकोस

सांगली,
१८ डिसेंबर

प्रिय दत्ता,

तुझं हुरड्याचं बोलावणं पोचलं. फोनवर नुसतं 'बघतो' म्हणालो, कारण माझं बोलणं अजून निम्मंच कळतं आणि तू 'काय? काय?' करत बसतोस. म्हणून हे पत्र.

येतो. पण हुरडा खाणार नाही. तुमच्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा कोवळा दाणा तुला लोण्यासारखा लागतो, माझ्या तोंडात लाळच नाही. कॅन्सरसाठी ३३ लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतले त्यात लाळेच्या ग्रंथी भाजून निघाल्या. दाणे जिभेवर वाळूसारखे सुटे राहतात. गिळायच्या आधी घासाचा गोळा व्हावा लागतो, हे पन्नाशी उलटेपर्यंत मला कुठं ठाऊक होतं!

नाकातली नळी निघाली तेव्हा वाटलं, सुटलो. चार महिने गाळलेली नाचणीची पेज सिरिंजने आत जात होती; आता घरी जाऊन आधी गार पाणी प्यायचं. तर गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नेमकी पाण्यालाच बंदी घातली. आधी घट्ट ताक, गुरगुट्या भात, पाणी सगळ्यात शेवटी. मला हसूच आलं. मे महिना होता. रात्री सगळे निजल्यावर माठातलं तांब्याभर पाणी प्यालो. ठसकासुद्धा लागला नाही. म्हटलं, बघा! तिसऱ्या दिवशी ताप भरला, न्यूमोनिया निघाला, आठ दिवस दवाखान्यात.

मग बेरियम पाजून एक्स-रेच्या पडद्यावर मला माझंच गिळणं दाखवलं. रेघ खाली उतरता उतरता थोडी श्वासनलिकेत शिरली, आणि मी आपला शांत बसलेला. घशाला कळेनासंच झालं होतं. पाणी पळतं रे, श्वासनलिकेची वाट बंद व्हायच्या आत तिथं पोचतं. दाट पदार्थ दमानं उतरतो.

तेव्हापासून कवायत सुरू आहे. श्वास धरायचा, हनुवटी छातीकडे, गिळायचं, लगेच खोकायचं, पुन्हा गिळायचं, मगच श्वास. वाटीभर आमटीभाताला पाऊण तास. जबडा आखडू नये म्हणून दातांत आईस्क्रीमच्या काड्यांची चवड धरतो. १२ वरून १७ वर आलोय. हे व्यायाम कायमचे, कारण भाजलेले स्नायू पुढे कित्येक वर्षं ताठरत राहतात म्हणे.

चवीचं तर विचारूच नकोस. साखर चिखलासारखी लागायची. गेल्या महिन्यात आमटी खाताना मी हिला म्हणालो, "मीठ कमी आहे." तीस वर्षांत या वाक्यावर कधी एवढी खूश झाली नव्हती! धावत जाऊन मिठाचा डबाच घेऊन आली.

तर वहिनींना सांग, माझ्यासाठी ताकातली आंबील करा, पळीवरून सावकाश पडेल इतकी दाट, मिरची अजिबात नको. 'एवढं एक कणीस तरी' असा आग्रह करू नकोस. आणि त्या दिवशी तंबाखूची चंची घरी ठेव. त्यावर भाषण देणार नाही.

आगटीजवळ बसेन. वाटी हातात आली की मला काही विचारू नकोस. मान खाली घातलेली दिसली तर रुसलो समजू नकोस, गिळत असेन.

तुझा,
विनू