कलम 53एन फक्त वाचायला आहे का, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आणखी एका गृहनिर्माण संस्थेने माझ्या वकिलीच्या कचेरीतून आपली कागदपत्रं परत नेली. संगनमताने भाव चढवणाऱ्या कंपन्यांकडून भरपाई मागायची होती. खर्चाचा अंदाज ऐकला आणि विषय मिटला. संस्थेला दोष देत नाही. कायदा तुमच्या खात्याचा, म्हणून पत्र तुम्हाला.

स्पर्धा कायद्याचं कलम 53एन भरपाईचा हक्क देतं. सारखंच नुकसान झालेल्या अनेकांच्या वतीने एकाला अर्ज करता येतो. कागदावर छान. पण आधी स्पर्धा आयोगाचा निष्कर्ष हवा. मग कंपन्यांचं अपील एनसीएलएटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात, तिथून सर्वोच्च न्यायालयात. दिवाणी न्यायालयात जावं तर त्याला असे दावे ऐकायची मनाई करणारं कलम 61 आडवं.

सिमेंटचंच घ्या. 20 जून 2012 ला आयोगाने संगनमत केलं म्हणून सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींवर दंड ठोठावला. 2015 ला तो आदेश रद्द झाला, कारण युक्तिवाद न ऐकलेल्या अध्यक्षांची त्यावर सही होती. 31 ऑगस्ट 2016 ला पुन्हा आदेश. जुलै 2018 ला कंपन्यांचं अपील फेटाळलं, मग सर्वोच्च न्यायालय: दहा टक्के भरा, बाकी वसुली थांबवा. एका सहीपायी गेलेली चार वर्षं कोणाच्या नावे मांडायची?

तोवर सिमेंटची बिलं कोणाकडे उरतात? हजार चौरस फुटांच्या घराला ढोबळ चारशे गोण्या. गोणीमागे समजा दहा रुपये जास्त घेतले, तर दावा चार हजारांचा. ते दहा रुपये सिद्ध करायला संगनमत नसतं तर भाव काय असता हे दाखवावं लागतं: आधीचे-नंतरचे भाव, शेजारच्या बाजारपेठेतले भाव, त्यातून कोळसा, वीज, वाहतुकीची वाढ वजा. म्हणजे अर्थतज्ज्ञ आला, त्याची फी आली. कंपन्यांचे आकडे गोपनीय म्हणून झाकलेले. वर बिल्डरने वाढीव भाव फ्लॅटवाल्याच्या माथी मारला असेल तर नुकसान नक्की कोणाचं, यावर कायदा गप्प.

हा खर्च करायचा कोणी? बार कौन्सिलच्या नियम 20 प्रमाणे वकिलाला निकालावर फी ठरवता येत नाही. हजारो खरेदीदार जमवल्याशिवाय दावा परवडत नाही, आणि जाहिरात करून अशिलं जमवायला नियम 36 ची बंदी. तिसऱ्याने खर्च उचलायला हरकत नाही, असं 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. उचलणारा शहाणा तुम्हीच दाखवा. अमेरिकेत 1914 च्या क्लेटन कायद्याने तिप्पट भरपाई मिळते, वकिलाची फीही हरलेल्या कंपनीकडून. म्हणून तिथे ग्राहकांच्या बाजूने लढणं हा पेशा आहे. इथे हुशार पोरं कंपन्यांच्या बाजूला जाऊन बसतात. त्यांचं काय चुकलं? घरभाडं काही 53एन भरत नाही.

दंड वसूल झालाच तर कलम 47 प्रमाणे भारताच्या संचित निधीत. लुटला गेला गोणी घेणारा, गल्ला भरला तुमचा!

2023 ला तुम्ही कायदा दुरुस्त केलात. कंपन्यांच्या विलीनीकरणाला आयोगाने मंजुरी द्यायची मुदत 210 दिवसांवरून 150 वर आणलीत. भरपाईच्या अर्जाला किती दिवस? ऑक्टोबर 2022 ते मे 2023 आयोगाला अध्यक्ष नव्हता, गणपूर्ती नव्हती; तरी फेब्रुवारीत ‘अपरिहार्यता’ म्हणून, म्हणजे काम अडू नये या तत्त्वावर, विलीनीकरणं मंजूर होऊ लागली. अपरिहार्य कोण, तेवढं कळलं. या देशात घाई नेमकी कोणाच्या कामाला असते, हे एखाद्या तालुक्याच्या कचेरीत तासभर बसलं तरी कळतं म्हणा.

तर मागणं असं. भरपाईच्या अर्जालाही 150 दिवस ठरवा. दंडाचा काही हिस्सा अशा दाव्यांच्या खर्चासाठी वेगळा काढा. सामूहिक दाव्यापुरती फीची अट सैल करायला बार कौन्सिलशी बोला. आणि 53एन पुन्हा वाचा. अर्जदारांच्या यादीत पहिलं नाव केंद्र सरकारचं आहे, मग राज्य सरकारं आणि स्थानिक संस्था. रस्ते, पूल, धरणं बांधणाऱ्या तुमच्या खात्यांइतकं सिमेंट कोणी घेतलं? मग लावा ना दावा. बिलं तर तुमच्याकडे असतीलच.

आपला,
ग्राहकांच्या बाजूचा एक वकील